स्टार्टअप काढताय? पैसा कुठे अडकतो ते आधी बघा

कल्पना वाईट होती म्हणून बंद पडलेल्या कंपन्या मी कमी पाहिल्या आहेत. काम चांगलं आहे, गिऱ्हाईक खूश आहे, बिलंही गेली आहेत, आणि तरी महिनाअखेरीला पगाराएवढे पैसे खात्यात नाहीत, अशा कंपन्या खूप पाहिल्या. नवा उद्योजक उत्पादनावर वर्षभर विचार करतो आणि पैसा कधी, कुठून, किती कापून हातात येणार यावर एक संध्याकाळही घालवत नाही. म्हणून हा लेख पैशाच्या बाजूने लिहिला आहे. गिऱ्हाईक, भागीदार, नोंदणी, माणसं, गुंतवणूकदार हे सगळं यात येईल, पण त्याच क्रमाने आणि त्याच नजरेने.

उदाहरणादाखल भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी तीन माणसांची कंपनी धरू. तुम्ही मसाले, शेतीची अवजारं किंवा वैद्यकीय उपकरणं बनवणार असाल तर परवाने वेगळे लागतील. पैशाचं गणित फारसं बदलत नाही.

नोकरीत असतानाच पहिलं गिऱ्हाईक

कंपनी नोंदवण्याआधी पैसे द्यायला तयार असलेला एक तरी माणूस शोधा. शोधायला जाल तेव्हा आपलं उत्पादन दाखवत बसू नका. समोरच्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. माल तपासणीच्या नोंदी आज कोण ठेवतं? मागच्या वेळी माल परत आला तेव्हा नेमकं काय झालं? त्यात किती दिवस गेले, किती खर्च झाला? हे टाळण्यासाठी आजवर काही विकत घेतलं का? ज्या त्रासावर माणसाने आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही, त्यासाठी तो उद्या तुम्हाला पैसे देईल अशी आशा कमी असते.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. "छान आहे, करा तुम्ही, आपण नक्की बघू," असं कारखान्याचा मालक म्हणाला की पोरं आनंदाने परत येतात आणि यादीत एक गिऱ्हाईक वाढवतात. ते गिऱ्हाईक नव्हे. लेखी पर्चेस ऑर्डर (पीओ), ॲडव्हान्सचा चेक, निदान आपल्या एका माणसाला तुमच्यासोबत आठवडाभर बसवण्याची तयारी, यातलं काही मिळालं तरच मोजा. चहा आणि कौतुक धरू नका.

क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची सुरुवात या बाबतीत मुद्दाम वाचावी अशी आहे. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे संगणक दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस पुन्हा पुन्हा सापडायचे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी त्यावर प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये अँटिव्हायरस बाजारात आला. गिऱ्हाईक दुकानात समोर उभं होतं, अडचण रोज दिसत होती आणि दुरुस्तीच्या पैशावर घर चालत होतं. सिकोया कॅपिटलची गुंतवणूक आली ती २०१० मध्ये, आणि शेअर बाजारात कंपनी उतरली २०१६ मध्ये. बाहेरचा मोठा पैसा येण्याआधीची ही पंधरा वर्षं नव्या संस्थापकांनी लक्षात घ्यावीत.

नोकरीत राहून हे करत असाल तर नेमणुकीचं पत्र काढून वाचा. कामाच्या वेळेबाहेर केलेल्या निर्मितीवरही कंपनीचा हक्क, असं कलम अनेक पत्रांत असतं. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल, ऑफिसची सॉफ्टवेअर लायसन्स यांतलं काहीही स्वतःच्या कामाला वापरू नका. पुढे गुंतवणूकदाराचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो.

भागीदार: मैत्री आहे तोवर कागद करा

"आपल्यात कागद कशाला?" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. कागद करायची योग्य वेळ तीच असते, कारण तेव्हा दोघांच्याही मनात काही नसतं.

नेहमी घडणारा प्रसंग घ्या. दोघे मित्र निम्मी-निम्मी मालकी घेतात. आठ महिन्यांनी एकाला परदेशात नोकरी मिळते, किंवा घरी लग्न ठरतं आणि दरमहा पगार हवा असतो. तो जातो, भांडणही होत नाही. पण कंपनीचा अर्धा हिस्सा त्याच्या नावावर राहतो. मागे राहिलेला माणूस पुढची सात वर्षं राबणार आणि मालकी निम्मीच. असा ताळेबंद बघून कोणताही गुंतवणूकदार उठून जातो.

यावरचा उपाय जगभर वापरात आहे: हिस्सा हळूहळू पक्का करायचा. सर्वसाधारण पद्धत चार वर्षांची, त्यात पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच पक्कं नाही. समजा एका भागीदाराचा हिस्सा ४० टक्के आहे आणि तो अठराव्या महिन्याअखेर बाहेर पडला. अठ्ठेचाळीसपैकी अठरा महिने झाले, म्हणजे त्याचा १५ टक्के हिस्सा पक्का झाला. उरलेला २५ टक्के त्याने ठरलेल्या किमतीला परत द्यायचा. हे संस्थापकांच्या करारात लिहा आणि कंपनीच्या नियमावलीतही घाला. नुसत्या करारावर भागवलं तर वेळ आली की अंमलबजावणीला त्रास होतो.

त्याच करारात आणखी चार गोष्टी घ्या. कोण पूर्णवेळ, कधीपासून. कोणाचा पगार किती, आणि पैसे नसतील तेव्हा कोणाचा आधी थांबणार. दोघांचं एकमत झालं नाही तर कोणत्या विषयात कोणाचा शब्द अंतिम. आणि कोणी कंपनीत घातलेले पैसे भांडवल की कर्ज. हा शेवटचा मुद्दा फार घरांत भांडण लावतो, विशेषतः बायकोचे दागिने गहाण ठेवून किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून रक्कम आलेली असेल तेव्हा.

बाहेरच्या माणसाकडून काम करून घेत असाल तर इथेच एक कायद्याची बाब सांगून ठेवतो. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सहसा कंपनीचा असतो. फ्रीलान्सरने लिहिलेल्याचा तसा नसतो. पैसे पूर्ण दिले तरी लेखी हस्तांतरण नसेल तर हक्क त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द त्यात असलेच पाहिजेत. लोगो करून देणाऱ्या डिझायनरलाही हेच लागू.

नोंदणी: काय, कधी, कोणती

एकट्याचं सल्ला-सेवेचं काम असेल तर प्रोप्रायटरशिपने सुरुवात करायला काहीच हरकत नाही. भागीदार आहेत पण बाहेरून भांडवल घ्यायचं नाही, तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, स्वस्त पडते. तिला उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचं योगदान २५ लाखांच्या आत असेपर्यंत कायद्याने ऑडिटही लागत नाही. शेअर देऊन पैसा उभारायचा असेल किंवा कर्मचाऱ्यांना हिस्सा द्यायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड. तिला निदान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात.

कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर स्पाइस प्लस या अर्जाने होते. नाव, नोंदणी, पॅन, टॅन (कर कापून भरण्यासाठीचा क्रमांक), पीएफ, ईएसआय (कर्मचाऱ्यांचा विमा), बँक खातं आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणी एकाच ठिकाणी होते. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राचं नोंदणी शुल्क नाही. स्टॅम्प ड्यूटी, डिजिटल सही आणि सीए किंवा सीएसची (कंपनी सेक्रेटरीची) फी मात्र द्यावी लागते.

नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड तुमचा झाला असं समजू नका. ट्रेडमार्क वेगळा आहे, आणि त्याच्या नोंदवहीत आधी शोध घ्यायला हवा. ऑनलाइन अर्जाला स्टार्टअप, व्यक्ती आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात, इतर कंपन्यांना ९,०००. दुकानाच्या पाट्या आणि खोकी छापून झाल्यावर नाव बदलण्यापेक्षा हा खर्च फार थोडा आहे.

प्रमाणपत्र हातात आल्यावर लोक निवांत होतात, आणि नेमके तिथूनच दिवस मोजले जायला लागतात. पहिली संचालकांची बैठक आणि ऑडिटरची नेमणूक ३० दिवसांत. भागधारकांनी भांडवलाची रक्कम कंपनीच्या खात्यात भरून आयएनसी-२०ए हा अर्ज १८० दिवसांत. तो केल्याशिवाय कंपनीला व्यवसाय सुरूही करता येत नाही आणि कर्जही काढता येत नाही. पुढे दरवर्षी हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र. उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये, धंदा झालेला असो वा नसो. दोन अर्ज वर्षभर पडून राहिले तर ७३,००० रुपये झाले. उत्साहात कंपनी काढून नंतर नोकरीत रमलेल्या मुलांना हे आकडे तीन वर्षांनी कळतात. म्हणून पहिलं बिल समोर दिसेपर्यंत प्रायव्हेट लिमिटेड काढू नका, असं मी आग्रहाने सांगतो.

दोन सरकारी नोंदण्यांत लोकांचा गोंधळ होतो. उद्यम नोंदणी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई). ती फुकट होते, काही मिनिटांत होते, आणि वसुलीच्या वेळी तीच उपयोगी पडते. स्टार्टअप इंडियाची मान्यता डीपीआयआयटी हा केंद्राचा उद्योग विभाग देतो. तिच्यामुळे पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सूट मिळते आणि काही सरकारी खरेदीत अनुभव-उलाढालीच्या अटी शिथिल होतात. तीन वर्षांची करमाफी मात्र या मान्यतेबरोबर आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज करून आंतरमंत्रालयीन मंडळाची मंजुरी लागते. शिवाय नफाच नसेल तर माफ व्हायला कर कुठे असतो? त्यामुळे पहिल्या वर्षी त्यामागे धावू नका, उद्यम मात्र पहिल्याच आठवड्यात करा.

जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात सेवांसाठी २० लाख आणि मालासाठी ४० लाख. पण माल राज्याबाहेर विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मोठ्या कंपन्यांना सेवा द्यायची असेल तर मर्यादेआधीच नोंदणी करून घ्या, कारण जीएसटी क्रमांकाशिवाय त्यांचा खरेदी विभाग व्हेंडर कोड देत नाही.

एका बिलाचा प्रवास

आता मुख्य गोष्ट. आपल्या तीन माणसांच्या कंपनीचे पगार महिना २,६०,००० आणि भाडं, क्लाउड, इंटरनेट मिळून ४०,०००. म्हणजे दरमहा ३ लाख जातात. त्यांनी चाकणच्या एका कंपनीचं ५ लाखांचं काम पूर्ण केलं आणि २८ जूनला बिल पाठवलं. १८ टक्के जीएसटी धरून ५,९०,०००. पैसे ६० दिवसांत, असं ठरलं.

३० जूनला ३ लाख खर्च. २० जुलैला जूनचा जीएसटी भरायचा. ९०,००० पैकी खरेदीवर भरलेला १०,००० वजा करून ८०,०००. गिऱ्हाईकाने एक रुपया दिलेला नाही, तरी हा कर आपल्या खिशातून. ३१ जुलैला आणखी ३ लाख. ३१ ऑगस्टला आणखी ३ लाख. ५ सप्टेंबरला पैसे आले, पण ५,९०,००० नाही. व्यावसायिक सेवा म्हणून ५ लाखांवर १० टक्के टीडीएस कापून ५,४०,००० आले. कापलेले ५०,००० विवरणपत्र भरल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी, करात वळते होतील किंवा परत मिळतील.

मधल्या काळात बाहेर गेले ९,८०,००० आणि आत आले ५,४०,०००. वहीत मात्र या कामावर नफा दिसतोय. अशी तीन कामं एकदम मिळाली तर माणसं वाढवावी लागतात आणि खड्डा आणखी खोल होतो. धंदा वाढतोय म्हणून कंपनी अडचणीत येते, ते असं.

यातला प्रत्येक टप्पा थोडाथोडा सुधारता येतो.

पहिलं, ॲडव्हान्स मागा. ३० टक्के कामाआधी, ४० टक्के मधल्या टप्प्यावर, ३० टक्के शेवटी. मागायला संकोच वाटतो, पण कारखानदार स्वतः साचा बनवणाऱ्याला ॲडव्हान्स देतच असतो. सेवांच्या ॲडव्हान्सवर जीएसटी लगेच देय होतो, म्हणून ॲडव्हान्सची रक्कम करासकट मागा. वर्षाची वर्गणी असेल तर वर्षाचे पैसे एकदम देणाऱ्याला सवलत द्या. त्या सवलतीचा खर्च कर्जाच्या व्याजाशी ताडून बघा, बहुधा परवडतो.

दुसरं, बिलाची तारीख. सेवा पूर्ण झाल्यावर बिल द्यायला कायदा ३० दिवस देतो. २८ जूनला संपलेल्या कामाचं बिल १ जुलैला दिलं तर कर २० जुलैऐवजी २० ऑगस्टला भरायचा. तीन दिवसांनी एक महिना मिळाला. मात्र गिऱ्हाईकाची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात असेल तर तेवढे दिवस तिकडे जातात, हेही बघा.

तिसरं, बिल अडकू देऊ नका. मोठ्या कंपनीत बिल पाठवलं म्हणजे ते नोंदलं गेलं असं नसतं. पीओ क्रमांक चुकला, पीओत लिहिलेलं वर्णन आणि बिलातलं वर्णन जुळलं नाही, जीएसटी क्रमांक दुसऱ्या राज्याच्या शाखेचा पडला, स्टोअरने काम मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, केलीच नाही. यातलं काहीही झालं तरी बिल बाजूला ठेवलं जातं आणि कोणी फोन करून सांगत नाही. ६० दिवस संपल्यावर चौकशी केली की कळतं, "ते तर होल्डवर आहे." म्हणून बिल गेल्यावर आठव्या दिवशी अकाउंट्समधल्या माणसाला फोन करा. एकच प्रश्न विचारायचा: बिल सिस्टीममध्ये चढलं का, आणि देय तारीख कोणती दिसते? हा फोन करणारा माणूस ठरलेला असावा आणि त्याचं बोलणं गोड असावं. तुमचं काम मंजूर करणारा साहेब आणि पैसे सोडणारा माणूस वेगळे असतात, आणि दुसऱ्याशी ओळख नसणं कंपनीला महाग पडतं.

चौथं, कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस. २००६च्या एमएसएमई कायद्यात हे स्पष्ट आहे, त्यामुळे वरच्या उदाहरणातले ६० दिवस कायद्याला धरून नव्हतेच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आणखी एक दाब आला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाईकाला त्या वर्षी करातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्स विभागाला याची आठवण नम्रपणे करून द्या. बिलावर उद्यम क्रमांक छापा. आणि नोंदणी काम सुरू होण्याआधीची असू द्या, म्हणजे पुढे वाद राहत नाही. सरकारच्या समाधान पोर्टलवरून, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येते, पण ते गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही हे धरूनच ते पाऊल उचला.

पाचवं, ट्रेड्स, म्हणजे छोट्या उद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. गिऱ्हाईकाने तिथे बिल मान्य केलं की बँका ते बिल बोली लावून घेतात, थोडा बट्टा कापून पैसे काही दिवसांत खात्यात येतात, आणि पुढे गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तरी ती जबाबदारी तुमच्यावर येत नाही. छोट्या कंपन्यांना याची माहितीच नसते. पीओ घेतानाच विचारून ठेवा.

टीडीएसबद्दल एवढंच: काही तांत्रिक सेवांवर १० ऐवजी २ टक्के कापतात. तुमचं काम कशात बसतं ते सीएला विचारून करारातल्या वर्णनातच नीट लिहा. तोटा असेल तर कमी टीडीएसचा दाखलाही मागता येतो.

दर सोमवारी अर्धा तास घालून पुढच्या बारा आठवड्यांचा तक्ता भरा. प्रत्येक आठवड्याला खात्यात किती, कोणाकडून किती येणार, कोणाला किती जाणार. येणाऱ्या रकमेपुढे गिऱ्हाईकाने सांगितलेली तारीख लिहू नका. मागच्या तीन बिलांना त्याने खरोखर किती दिवस घेतले ते लिहा. आणि दुसरं बँक खातं उघडून गोळा झालेला जीएसटी, कापलेला टीडीएस, पीएफचे पैसे आल्या दिवशी तिकडे टाका. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. अडचणीत सापडलेला माणूस पहिला हात याच पैशाला घालतो, म्हणून ते नजरेआडच बरे.

माणसं

पहिले चार-पाच जण निवडताना घाई नको. ओळखीचा आहे, पगार कमी चालेल म्हणतोय, एवढ्यावर घेतलेला माणूस पुढे काढताही येत नाही. नेमणूक पत्रात काम, पगार, नोटीस, गोपनीयता आणि कामाचा हक्क कंपनीचा, एवढं असू द्या. १० माणसं झाली की ईएसआय आणि लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती, २० झाली की पीएफ. महाराष्ट्रात व्यवसाय कर कापून भरणं पहिल्या पगारापासून बघावं लागतं.

शेअरचा वायदा तोंडी करू नका. "पुढे तुला दोन टक्के देईन" हे वाक्य ऐकणारा माणूस कधी विसरत नाही. द्यायचंच असेल तर ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची, योजना भागधारकांच्या ठरावाने करा. शेअरचा हक्क देणं आणि तो पक्का होणं यात कायद्याने निदान एक वर्ष असावं लागतं.

माणसं कमी करायची वेळ आली तर हिशेब आधी तयार ठेवा आणि मग बोला. नोव्हेंबर २०१५ मध्ये टायनीआउल या मुंबईच्या खाद्य-वितरण कंपनीने पुण्यातल्या कर्मचाऱ्यांना काढायचं ठरवलं, तेव्हा चिडलेल्या कर्मचाऱ्यांनी एका सहसंस्थापकाला जवळपास दोन दिवस कार्यालयातून बाहेर पडू दिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमचे पैसे आत्ता द्या, पुढच्या तारखेचे चेक नकोत. आता वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन द्यावं लागतं. म्हणून खात्यात एका महिन्याचे सगळे पगार आणि देणी शिल्लक असतानाच कपातीचा निर्णय घ्या. खातं रिकामं होईपर्यंत थांबणं ही कर्मचाऱ्यांवरची दया नसते, त्यात त्यांचंच नुकसान होतं.

बाहेरचा पैसा

आधी घरचा आणि मित्रांचा पैसा, कारण चूक इथेच जास्त होते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला मित्राकडून किंवा शेजाऱ्याकडून "हातउसने" घेता येत नाहीत. कायद्याने ती ठेव ठरते. संचालक किंवा संचालकाचा नातेवाईक कर्ज देऊ शकतो, आणि तेही हे पैसे दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत असं लेखी देऊन. मित्राला मदत करायची असेल तर त्याने शेअर घ्यावेत, म्हणजे मूल्यांकन अहवाल, ठराव आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा अर्ज. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. एंजल टॅक्स म्हणून ओळखला जाणारा कर १ एप्रिल २०२५ पासून गेला आहे, पण बाकीची कागदपत्रं तशीच आहेत.

बँकेचं कर्ज स्टार्टअपला मिळतच नाही हा समज पूर्ण खरा नाही. बिलं आणि जीएसटीची विवरणपत्रं नियमित असतील तर सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या न्यासाच्या हमीखाली तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. खेळत्या भांडवलासाठी हे शेअर विकण्यापेक्षा स्वस्त आहे, कारण कर्ज फिटतं आणि दिलेला हिस्सा परत येत नाही.

गुंतवणूकदाराशी बोलताना दोन आकडे नीट समजून घ्या. "४ कोटी मूल्यांकनावर १ कोटी" हे मूल्यांकन पैसे येण्याआधीचं असेल तर तुम्ही २० टक्के देता, पैसे धरून असेल तर २५ टक्के. वाक्य तेच आहे, फरक कंपनीच्या वीसाव्या हिश्श्याचा. दुसरा आकडा विक्रीच्या वेळचा. गुंतवणूकदाराला आधी त्याची रक्कम परत मिळेल, असं कलम बहुतेक करारांत असतं. त्याने १ कोटी घालून २० टक्के घेतले आणि पुढे कंपनी दीड कोटीला विकली गेली, तर तो १ कोटी घेतो आणि ८० टक्क्यांच्या मालकांना ५० लाख मिळतात. कलम गैर नाही, पण सही करण्याआधी हे गणित बायको-भावासमोर मांडून दाखवता आलं पाहिजे.

पैसा उभारायला कधी निघायचं? खात्यातली रक्कम भागिले महिन्याची निव्वळ तूट. १८ लाख आणि तूट ३ लाख, म्हणजे सहा महिने. बोलणी सुरू झाल्यापासून पैसे खात्यात यायला एवढा वेळ सहज जातो, म्हणून नऊ-दहा महिने शिल्लक असताना निघा. हताश माणूस स्वतःच्या अटी घालू शकत नाही.

पैसा आल्यावर हिशेब वेळेवर ठेवणं आणखी गरजेचं होतं. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने २०२०-२१चे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये दिले, आणि जून २०२३ मध्ये डेलॉइटने ऑडिटर म्हणून राजीनामा दिला. एवढ्या मोठ्या कंपनीवरचा विश्वास उशिराच्या ताळेबंदापासून ढळायला लागला. तुम्ही दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा एक पानी हिशेब गुंतवणूकदारांना पाठवा. वाईट महिना असेल तेव्हा तर नक्कीच.

मदतीसाठी जवळचं इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि साहाय्य देणारी संस्था, बघा: पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं साईन, छत्रपती संभाजीनगरात मॅजिक, मडगावात फायर. जागेपेक्षा तिथली प्रयोगशाळा आणि ओळखी जास्त कामाच्या असतात. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या कंपन्यांना सरकारी विभागात प्रायोगिक कामाची ऑर्डर मिळते. बक्षिसाच्या रकमेपेक्षा ती मोलाची, फक्त सरकारी बिलाचे दिवस बारा आठवड्यांच्या तक्त्यात मोकळ्या हाताने धरा.

थांबायचं कधी, आणि कसं

हे सुरुवातीलाच लिहून ठेवा: किती रक्कम, किती महिने, आणि तोवर काय झालं नाही तर थांबायचं. उदाहरणार्थ, अठरा महिन्यांत पैसे देणारी पाच गिऱ्हाइकं आली नाहीत तर. हा कागद घरच्यांनाही दाखवा, कारण जोखीम त्यांचीही आहे. राहतं घर गहाण ठेवायचं नाही, आणि पगार देण्यासाठी वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड वापरायचं नाही, या दोन ओळी त्यात असाव्यात असं माझं ठाम मत आहे.

बंद करायचं ठरलं तर कंपनी वाऱ्यावर सोडू नका. विवरणपत्रं न भरता सलग तीन वर्षं गेली तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि मग पुढची कंपनी काढायलाच अडतं. आधी कर्मचाऱ्यांचे पैसे, पीएफ, टीडीएस, जीएसटी. मग पुरवठादार. मग गिऱ्हाईकांना त्यांचा डेटा आणि ॲडव्हान्सचा उरलेला भाग परत. जीएसटी नोंदणी रद्द करून शेवटचं विवरणपत्र भरा, बँक खातं बंद करा. देणी शून्य आणि दोन वर्षं व्यवहार नसेल तर एसटीके-२ या अर्जाने नाव काढून टाकता येतं. त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे. संचालकांना हमीपत्र आणि ३० दिवसांपेक्षा जुना नसलेला हिशेब द्यावा लागतो. मे २०२३ पासून हे अर्ज सी-पेस या मध्यवर्ती कार्यालयात जातात, त्यामुळे पूर्वीपेक्षा निकाल लवकर लागतो. खातं बंद करण्याआधी ही फी आणि सीएचं शेवटचं बिल बाजूला काढून ठेवा.